ट्रॅक्टरला शेक

सासुरवाडीला बैलांच्या रेंगीनं न जाता ट्रॅक्टरनं जायचं, एवढंच मी ठरवलं होतं. पुढे जे झालं त्यात माझा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (वच्छला हे वाचणार नाही. तिला वाचता येतं, पण माझं लिहिलेलं ती वाचत नाही.)

मी आमच्या गावच्या सोसायटीचा कारकून. गाव गोंडपिपरीपासून तीन कोसांवर. छप्पन्न साली सोसायटीला डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर मिळाला आणि त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. ते वाचू शकेल असा गावात मी एकटाच, म्हणून मला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला पाठवलं. ट्रेनिंग उत्तम झालं. मी ट्रॅक्टर पुढे नेला, मागे घेतला, वळवला आणि सर्टिफिकेट घेऊन परत आलो. फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली. तिथे आम्ही मैदानावर पोचायच्या आधीच कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करून ठेवलेला असे.

आता सासऱ्यांविषयी. लटारूभाऊ म्हणजे बैलांचा माणूस. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांची जोडी सुटली की लोक तंबाखू मळायचे थांबत. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकानं माझ्या हाती बैल दिले आणि जुंपायला सांगितलं. मी डाव्या बैलाला उजवीकडे जुंपलं. त्या दिवसापासून चार वर्षं ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. मी समोर ताटावर बसलेला असलो तरी ते आत पाहून म्हणत, "वच्छले, तुह्या नवऱ्याले भात पाह्यजे का, इचार." मग वच्छला मला विचारी, मी तिला सांगे आणि ती त्यांना सांगे. तोवर वरण निवत असे.

म्हणून मी ठरवलं, यंदा पौषातल्या पटाला ट्रॅक्टर घेऊन जायचं. सोसायटीच्या अध्यक्षांची परवानगी काढली ('प्रचारार्थ' असं अर्जात लिहिलं). दारात ट्रॅक्टर उभा राहिल्यावर माणूस जावयाशी किती वेळ बोलणार नाही? निदान 'या' तरी म्हणावंच लागेल. मला त्या 'या'पलीकडे काही नको होतं.

निघायच्या दिवशी पहाटेच उठलो. नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, पण थंडीला ते कुणी कळवलं नव्हतं. तलावावर धुकं होतं आणि ट्रॅक्टरच्या सीटवर दव साचलं होतं. मी मफलर बांधला, पुढच्या भोकात हँडल घातलं आणि गावातल्या आठदहा माणसांकडे एकदा पाहून घेऊन जोर लावला. हँडल हललं नाही. सोसायटीचा चपराशी मनसाराम माझ्या जोडीला आला. आम्ही दोघं हँडलला लोंबकळलो. ट्रॅक्टर पुढच्या बाजूनं थोडा खाली वाकल्यासारखा वाटला, एवढंच.

"सायेब, हे मेलं तं नाई ना?" मनसाराम म्हणाला.

"मशीन मरत नसते," मी म्हणालो. "तेल घट्ट झालंय. पाण्याच्या टाकीत ऊन पाणी ओतलं की झालं."

ऊन पाणी घरात तयारच होतं. वच्छलेनं माहेरी जायचं म्हणून न्हायला मोठा पितळी गुंड भरून तापवलं होतं. मी ते सगळं ट्रॅक्टरच्या तोंडात ओतलं. तेवढ्यात वच्छला डोक्याला शिकेकाई लावून न्हाणीतून ओरडली, "पाणी कुठी गेलं?" मी म्हणालो, "सत्कारणी." मग मी आमची नवीन वाकळ आणून इंजिनावर पांघरली. ती वच्छलेच्या आईनं वर्षभर शिवून दिलेली होती, हे मला ठाऊक होतं. ट्रॅक्टरवरचं ग्रीस उगाळलेल्या काजळासारखं असतं, हे त्या दिवशी कळलं.

हँडल काही हललं नाही.

डोक्याला फडकं गुंडाळून वच्छला बाहेर आली. तिनं वाकळेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. "ताराबाई," ती म्हणाली, "तुमी तरी पाहा बाप्पा."

ताराबाई म्हणजे आमच्या गावापासून सासुरवाडीपर्यंतच्या सगळ्या गावांची सुईण. पट पाहायला आमच्याबरोबर यायचं म्हणून ती गाठोडं घेऊन ट्रॉलीत केव्हाची बसली होती. ती सावकाश उतरली, इंजिनाच्या खालून हात फिरवला आणि बाजेवरच्या बाळंतिणीविषयी बोलावं तशी म्हणाली, "पोट थंडगार आहे याचं. वरून पांघरून का होते? खालून शेक द्याले पाह्यजे."

"ताराबाई, हे मशीन आहे. याला पुस्तकाप्रमाणे..."

"केवळ्या, तुले याच हातानं काढलं मी. तूही असाच निळा पडला होता. जा, पुरुष माणसं तिकडं व्हा."

आता आमच्याकडे शेक चालू असताना पुरुष माणसानं तिथे थांबायचं नसतं. ही रीत बाळंतिणीसाठी आहे, ट्रॅक्टरसाठी नाही, हे मी सांगून पाहिलं. पण मनसाराम आणि बाकीचे केव्हाच गोठ्याच्या भिंतीआड गेले होते. सोसायटीचा एकमेव प्रशिक्षित ट्रॅक्टर ड्रायव्हर सोसायटीच्या ट्रॅक्टरकडे पाठ करून शेणाच्या ढिगाशेजारी उभा राहिला.

भिंतीपलीकडे काय झालं ते मला वच्छलेनं नंतर सांगितलं. त्या दोघींनी दोन घमेली निखारे इंजिनाच्या पोटाखाली सरकवले. अर्ध्या तासानं ताराबाईनं ओवा आणि लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी हवा आत जायच्या नळीपाशी धरली, कारण छातीत कफ असला तर तोही मोकळा व्हावा. मग आम्हाला हाक मारली. मी हँडलला हात लावला आणि ते तुपात फिरावं तसं फिरलं. ट्रॅक्टर एकदा खोकला, ओव्याचा वास सुटला आणि इंजिन धडधडायला लागलं.

"पुस्तकात का लिहिलं आहे?" वच्छलेनं विचारलं.

मी पुस्तक उघडून पाहिलं. अगदी हेच लिहिलं होतं. थंडीत खालचं तेल गरम करावं, नळीपाशी ऊन हवा द्यावी. समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं शेरा होता: 'हे विलायतेकरता. आपल्याकडे लागू नाही.'

"पुस्तकात वेगळं आहे," मी म्हणालो.

वाटेत वच्छला माझ्याशेजारी चाकाच्या पत्र्यावर बसली होती. मला वाटलं, कौतुकानं पाहतेय. मीही तिला दाखवलं, हा क्लच, हा गियर, हा ब्रेक. बाईमाणसाला काय कळणार म्हणून दोनदा दाखवलं. मागे ट्रॉलीत ताराबाई पाय पसरून बसली होती.

सासुरवाडीच्या शिवारात पोचलो तेव्हा पटाची गर्दी जमलेली होती. मी भोंगा वाजवत थेट पटाच्या दाणीपर्यंत, म्हणजे बैल धावतात त्या पट्ट्यापर्यंत, ट्रॅक्टर नेला. लटारूभाऊ आपल्या जोडीपाशी उभे होते. आता 'या' म्हणतील म्हणून मी मफलर सैल केला.

"वच्छले," लटारूभाऊ म्हणाले, "तुह्या नवऱ्याले सांग, ते बंद कर म्हणा. बैल भडकून राह्यले."

वच्छलेनं मला सांगितलं. मी ट्रॅक्टर बंद केला. तो परत सुरूही करावा लागणार, हे बंद केल्यावर आठवलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. लटारूभाऊंची जोडी त्या दिवशी पहिली आली. पट दोन दिवसांचा असल्यानं मुक्काम करायचाच होता. रात्री पंगतीत मला इतकी खुमखुमी आली की मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वच्छला, बाबांना सांग. उद्या सकाळी पट सुरू व्हायच्या आधी मी एका हातानं ट्रॅक्टर सुरू करून दाखवणार."

माझा बेत पक्का होता. गावाच्या आधी उठायचं, गुपचूप निखारे लावायचे आणि लोक यायच्या वेळी हँडलपाशी उभं राहायचं. शेक द्यायला सुईणच कशाला हवी? पण सासूबाईंनी जावई म्हणून दोन गाद्या घातल्या होत्या. जाग आली तेव्हा ट्रॅक्टरभोवती दीडशे माणसं घोंगड्या पांघरून उभी होती आणि सर्वांत पुढे लटारूभाऊ.

मी एका हातानं हँडल धरलं. मग दोन्ही हातांनी धरलं. मग त्यावर उभा राहिलो. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मी वच्छलेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माहेरच्या माणसांसमोर माझी फजिती होतेय याचं तिला माझ्याहून जास्त वाईट वाटत होतं. चार वर्षांत मला पहिल्यांदा कळलं की ते सगळे निरोप इकडून तिकडे नेताना तिला काय वाटत असेल. पदर खोचून ती म्हणाली, "माय, निखारे आण. ताराबाई, या."

ताराबाई पुढे झाली. "पुरुष माणसं पाठ करा," ती म्हणाली.

त्या गर्दीतले निम्मे तिनंच जगात आणलेले. पट पाहायला आलेली दीडशे माणसं, पाटील, तलाठी, सगळे मुकाट्यानं वळले आणि तलावाकडे तोंड करून उभे राहिले. मी वळलो तर शेजारी लटारूभाऊ. सून अडली असताना दाराबाहेर बसावं तसे आम्ही दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसलो. मागून ओव्याचा वास यायला लागला. लटारूभाऊंनी चंची काढली, तंबाखू मळली आणि अर्धी माझ्यापुढे धरली. मी तंबाखू खात नाही. ती मी खाल्ली.

मागे हँडल फिरल्याचा आवाज आला. एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि इंजिन धडधडलं. दीडशे माणसांनी एकदम हुश्श केलं. मी उठून वळलो, तर ट्रॅक्टर जागेवर नव्हता. वच्छला सीटवर बसून तो पटाच्या दाणीवरून सरळ रेषेत नेत होती. टोकाला गेली, वळवला, तितकाच सरळ परत आणला आणि ब्रेक लावून थांबवला. वळताना मी नेहमी घेतो तसा तिनं एकही बांध सोबत घेतला नाही.

लटारूभाऊंनी लेकीकडे पाहिलं. मग हळूच माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणालाही न घालता, अगदी मायेनं मला म्हणाले,

"जावाईबापू, जाताना तुमी मागं ट्रॉलीत बसा. ताराबाईजवळ. सकाळची थंडी आहे."

मी बसलो.