कॅरिबियन, कार पार्क क्रमांक दोन

मेलबर्नहून गाडीने दोन दिवसांवर, टूवूंबा शहराच्याही पलीकडे, जिथे धान्याच्या सायलोखेरीज उंच असं काही नाही, अशा एका गावच्या कौन्सिलने यंदा एक कॅरिबियन सहल मंजूर केली होती आणि गावात कॅरिबियन माणूस नव्हता. पहिली गोष्ट अंदाजपत्रकात होती, दुसरी कुठेच नोंदलेली नव्हती. साहजिकच पहिली खरी धरण्यात आली.

सहलीचं पूर्ण नाव 'कॅरिबियन रस्त्यावरचं खाणं आणि कॉकटेल-निर्मिती: मार्गदर्शकासह पदभ्रमण' असं होतं. कॅरिबियनच का, यालाही कारण होतं. कौन्सिलचा सलोखा विभाग दर वर्षी इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर घेई आणि त्या अक्षराने सुरू होणाऱ्या संस्कृतीशी वर्षभर सलोखा करी. ए झाला होता, बी झाला होता. सीला आधी कॅनडा निघाला, पण कॅनडाच्या पदार्थांची यादी गावातल्या क्लबच्या मेनूशी इतकी जुळली की सलोख्याला वावच उरेना.

फ्लाविया घोन्साल्विस या कामासाठी आली नव्हती, कुठल्याही कामासाठी आली होती. वसईजवळच्या निर्मळची मुलगी, फूड टेक्नॉलॉजीत एम.एस्सी., ठाण्याच्या बिस्किट कारखान्याच्या लॅबमध्ये आठ वर्षं काढलेली. नवरा नॅथन सायलोंच्या देखभालीवर इंजिनिअर; त्याच्या व्हिसावर ती आणि चार वर्षांची ॲशली इथे आल्या होत्या. टूवूंबातल्या एका लॅबने तिचा इंटरव्ह्यू घेतला, कौतुक केलं आणि सांगितलं, "तुझा अनुभव उत्तमच आहे. फक्त तो इथे घडलेला नाही." इथले जीवाणू वेगळे वागतात का, असं विचारण्याचा मोह तिने आवरला. कुठल्याही सरकारी संस्थेत सहा महिने खाण्यापिण्याचं काम केल्याचं पत्र जूनअखेर आण, तोवर जागा ठेवतो, असं लॅबने कबूल केलं. एवढं एक पत्र मिळालं की फ्लाविया पुन्हा पांढरा कोट घालणार होती.

सलोखा विभागाच्या प्रमुख जॅनेट. साठीच्या, प्रेमळ, प्रत्येकाला 'लव्ह' म्हणणाऱ्या. त्यांनी फ्लावियाकडे नीट पाहिलं, मग फॉर्मकडे पाहिलं.

"तुमच्याकडे समुद्र आहे?"

"घरापासून सायकलवर दहा मिनिटं."

"नारळ?"

"परसात. केळीसुद्धा."

"सणाला बँड?"

"चर्चच्या फेस्टला असतोच. ट्रम्पेट, ड्रम, सगळं. पण जॅनेट, मी इंडियन आहे."

"ते कळलं, लव्ह. पण इंडिया आयवर आहे. आय यायला सहा वर्षं. तू थांबू शकतेस?"

फ्लावियाच्या डोळ्यांपुढे जून आला. "नाही," ती म्हणाली.

"मग नो वरीज. आपण तुला जन्मदेशाच्या रकान्यात इंडियन ठेवू आणि सांस्कृतिक रकान्यात कॅरिबियन. दोन्ही रकाने वेगवेगळ्या पानांवर आहेत."

घरी नॅथनला हे सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार? इथे कॅरिबियन माणूस असता तर मला कशाला घेतलं असतं?"

त्याने आणखी भात वाढून घेतला.

आता खाणं रस्त्यावरचं म्हटल्यावर रस्ता लागणार होता. गावात रस्ते ऐसपैस होते, पण त्यांवर चालत कुणी नसे. लोक समोरच्या दुकानातही गाडीने जात. पदभ्रमण करणारा घोळका दिसला तर चालक बिचकतील, असा शेरा वाहतूक विभागाने मारला. म्हणून सहल लायब्ररीमागच्या कार पार्क क्रमांक दोनमध्ये हलवण्यात आली. तिथे पिवळ्या रंगाने रस्ता रंगवून घेतला. मग सुरक्षा विभागाला तिथल्या डांबरात दोन सेंटिमीटरचा उंचवटा सापडला. लोक अडखळले असते. तेव्हा ठरलं, की लोकांनी खुर्च्यांवर बसावं आणि रस्ता त्यांच्यापुढून न्यावा. लायब्ररीच्या पुस्तकांच्या ट्रॉल्यांवर पदार्थ ठेवून फ्लाविया त्या खुर्च्यांपुढून ढकलत नेई. कागदोपत्री याला पदभ्रमणच म्हणत, कारण ती तर चालतच होती.

रमचं जरा नाजूक होतं. कौन्सिलचा कार पार्क हा मद्यमुक्त परिसर आणि कॉकटेल ही मंजूर कृती. दोन्ही नियम एकाच कौन्सिलचे असल्याने कुणालाच दुखावून चालणार नव्हतं. शेवटी रमची बाटली कुलूपबंद काचेच्या कपाटात ठेवली. लोकांनी अननसाचा रस हलवायचा आणि हलवताना कपाटाकडे पाहायचं. नारळाचंही तसंच. तो फोडायला कोयता लागतो, म्हणून नारळाचा लॅमिनेट केलेला फोटो फिरवण्यात आला. बर्फ वितळून लोक घसरतील म्हणून बर्फ नको. चिंचेची चटणी नको, एखादा चिंचोका घशात अडकेल. मिरचीला तिखटपणाची शून्य ते दीड अशी मर्यादा घालून दिली. मिरचीने ती पाळावी ही जबाबदारी फ्लावियाची.

ती रात्री फोनवर पाककृती वाचे. त्रिनिदादचा 'डबल्स' नावाचा पदार्थ सापडला तेव्हा ती हसत सुटली. हळद घातलेल्या मऊ पुऱ्या आणि त्यांत मसालेदार छोले. "अरे, हे तर आपल्या हॉस्टेलचं रविवारचं," ती नॅथनला म्हणाली. तेवढा एक पदार्थ तिने मनापासून केला. ॲशलीला शनिवारी ठेवायला कुणी नसे, म्हणून ती बरोबर येई. कार पार्कच्या नियमाप्रमाणे तिलाही चकाकतं केशरी जाकीट घालावं लागे. ते तिच्या घोट्यांपर्यंत येई आणि त्यात ती अशी ऐटीत फिरे की फ्लावियाला हातातली ट्रॉली सोडून तिला उचलून घ्यावंसं वाटे. पण ट्रॉली सोडणं ही नोंदवण्याजोगी दुर्घटना होती.

पाच महिने पाच सहली निर्विघ्न पार पडल्या. लोक येत, बसत, रस हलवत, कपाटाकडे पाहत आणि पाचपैकी पाच तारे देऊन आपापल्या गाड्यांत बसत. शेरे एकसारखे असत: 'अगदी तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं.'

सहाव्या सहलीच्या आदल्या दिवशी जॅनेटने फोन केला. "छोटीशी बाब राहिलीय, लव्ह. पत्र द्यायच्या आधी एक अस्सलपणाचा दाखला लागतो. सहलीला आलेल्या एखाद्या कॅरिबियन अनुभव असलेल्या रहिवाशाने सही करायची. ती नसेल तर सहाही सहली झाल्या नाहीत असं धरतात."

"मग मी पुऱ्या कुणाला खायला घातल्या?"

"तो दुसरा विभाग, लव्ह."

त्या शनिवारी अकरा माणसं आली. त्यांत एक होते मिस्टर रामदीन, जवळच्या हॉस्पिटलमध्ये नर्स, पन्नाशीचे, काळेसावळे, जाड भुवयांचे. डबल्सची ट्रॉली पुढे येताच त्यांनी पहिला घास घेतला. दुसरा घास घेतला आणि चष्मा काढून पुसला.

"माझा काका शाळेच्या गेटाशी विकायचा हे," ते फ्लावियाला म्हणाले. "सायकलवर पेटी बांधून. सॅन फर्नांडोत. त्रिनिदाद. सात वर्षं झाली मला हे खाऊन. चिंच कुठे गेली?"

"धोकादायक ठरली."

"हं. तू कुठल्या बेटावरची?"

फ्लावियाने इकडेतिकडे पाहिलं. आवाज उतरवून म्हणाली, "कुठल्याच नाही. मी इंडियाची आहे. मला एक पत्र हवंय, त्यासाठी कॅरिबियन अनुभव असलेल्या कुणाची तरी सही लागते."

रामदीन बराच वेळ पोट धरून हसले. मग म्हणाले, "माझे पणजोबा तुमच्याच देशातून आमच्याकडे ऊस तोडायला आले. त्यांनाही असलाच कुठला तरी कागद हवा असणार. आण इकडे, कुठे सही करू?"

फ्लाविया त्यांना जवळजवळ ओढतच जॅनेटकडे घेऊन गेली. जॅनेटने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "तुमचा उत्साह फार आवडला, मिस्टर रामदीन. पण हा रकाना कॅरिबियन लोकांसाठी आहे. तुमच्यासाठी पुढच्या वर्षी डी आहे. डी म्हणजे दिवाळी."

"दिवाळी मी करतो," रामदीन म्हणाले. "पण मी त्रिनिदादचा आहे." त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला.

जॅनेटने तो नीट पाहिला. "पासपोर्टवरून नागरिकत्व कळतं, लव्ह. संस्कृती कळत नाही."

"मी तिथे जन्मलो. त्रेचाळीस वर्षं राहिलो."

"तीच तर अडचण आहे. तिथे जन्मलेला माणूस पक्षपाती असतो. दाखला तटस्थ हवा." त्यांनी पान उलटून नियम वाचून दाखवला: संबंधित प्रदेशात किमान एक रात्र काढलेली, परंतु त्या प्रदेशाशी भावनिक संबंध नसलेली व्यक्ती.

खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेतून एक हात वर झाला. "आम्ही क्रूझ केलीय," नीलिमा म्हणाल्या. "सात रात्री, चार बेटं."

"उतरलो दोनच बेटांवर," त्यांचा नवरा प्रताप म्हणाला.

"तू उतरला नाहीस. मी चारही पाहिली, डेकवरून."

दोघं पुण्याचे. प्रताप टूवूंबात आयटीत, नीलिमा तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. जॅनेटचा चेहरा उजळला. सात रात्री, चार बेटं आणि भावनिक संबंध शून्य. त्यांनी फॉर्म आणि पेन नीलिमाताईंच्या हाती दिलं. अकरा माणसांतला एकमेव कॅरिबियन हात बांधून बाजूला उभा राहिला.

नीलिमाताई कर्तव्यदक्ष होत्या. "अशी डोळे मिटून सही नाही करणार मी. बोटीवर कॉकटेलमध्ये कागदी छत्री असायची. इथे छत्री नाही. शिवाय ही गाईड…" त्यांनी फ्लावियाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

नेमकं तेव्हाच ॲशलीने नारळाचा फोटो तोंडात घातला. "चाटू नको गं तो, बाळा," फ्लाविया म्हणाली. "सगळ्यांचे हात लागलेत त्याला. घरी गेल्यावर खरा फोडू."

नीलिमाताईंचं पेन थांबलं. "अगंबाई. तू मराठी बोलतेस?"

"हो. मी वसईची. निर्मळची." किती महिन्यांनी कुणीतरी मराठीत विचारलं होतं. फ्लावियाचा चेहरा आपोआप खुलला. "तुम्ही पुण्याच्या ना? बोलण्यावरून वाटलं."

"पण नाव तर फ्लाविया लिहिलंय."

"तेच नाव आहे माझं. फ्लाविया घोन्साल्विस."

"असं असून मराठी किती छान बोलतेस गं. कुठे शिकलीस?"

"शिकले नाही, ताई. आईने अंगाई म्हटली ती मराठीत, चर्चमध्ये मिस्सा मराठीत, भांडतो ते मराठीत."

"घरीसुद्धा मराठीच?" नीलिमाताई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंस? आणि आपली चिन्मयी साधं 'नको'सुद्धा इंग्रजीत म्हणते." मग पुन्हा फ्लावियाकडे, अगदी जिव्हाळ्याने, "बरं, पण मूळचे तुम्ही कुठले?"

"निर्मळचेच."

"हो गं, ते कळलं. पण मूळचे?"

"माझी आई निर्मळची. तिची आईही. विहीर आहे आमची तिथे."

"पोर्तुगीज असतील," प्रतापने मदत केली.

"म्हणजे तू कॅरिबियन नाहीसच का?" नीलिमाताईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग मी खोटी सही कशी करू? मंडळाची सेक्रेटरी आहे मी."

फ्लावियाने टोपणाकडे पाहिलं. जॅनेट घड्याळ पाहत होत्या. पावणेपाचला कार्यालय बंद होत असे, आणि महिन्यातला कामकाजाचा एकच दिवस, सोमवार, उरला होता. खरा कॅरिबियन तिथेच उभा होता आणि त्याच्या सहीला किंमत नव्हती. खरं मराठी ती आत्ताच बोलली होती, आणि त्यालाही किंमत नव्हती.

"खरं सांगू का, ताई," ती म्हणाली. "मूळचे आम्ही त्रिनिदादचे."

नीलिमाताईंच्या कपाळावरची आठी झटकन गेली. "तरीच. चेहऱ्यावरून मला वाटलंच होतं." त्यांनी टोपण काढलं आणि ठसठशीत सही केली. "परके असून तुम्ही लोकांनी मराठी टिकवलंत, याचं खरंच कौतुक आहे हं."

"काय म्हणाल्या त्या?" रामदीनने हळूच विचारलं.

"मी तुमची नातेवाईक आहे म्हणाल्या."

"मग पुढच्या वेळी चिंच घालायची," ते म्हणाले.

परतताना गाडीत मागच्या सीटवर ॲशलीने केशरी जाकीट काढून मांडीवर घेतलं. मग तिने विचारलं, "मम्मा, आर वी फ्रॉम ट्रिनिडॅड?"

"फक्त सोमवारपर्यंत, बाळा," फ्लाविया म्हणाली.

सोमवारी पत्र आलं. लॅबने ते वाचलं, इथल्या अनुभवाबद्दल समाधान व्यक्त केलं आणि तिला कोटाचं माप विचारलं.

नीलिमाताईंनी मात्र शनिवारीच मंडळाच्या ग्रुपवर फ्लावियाच्या फोटोसह मेसेज टाकला होता: 'त्रिनिदादच्या या भगिनी, मूळच्या परदेशी असूनही अस्खलित मराठी! आपल्या मुलांनी आदर्श घ्यावा.' खाली एकशे चौदा अंगठे आले. मेसेज मेलबर्नला गेला, तिथून ठाण्याला, तिथून दादरला. तुमच्याही कुठल्या तरी ग्रुपवर तो आला असणार. ती वसईची असेल, अशी शंका एकालाही आली नाही. तुम्हाला आली असेल, तर तुम्ही तो पुढे का पाठवलात?