अण्णांचं गिरमीट

अण्णांना धड वस्तू बघवत नसे. हातात काही आलं की उलटसुलट करून बघायचे आणि कनवटीला हात घालायचे. तिथे गिरमीट असे. डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्या वस्तूला भोक पडलेलं असायचं.

"भोक पडलं की वस्तू कामाला लागते," असं त्यांचं म्हणणं. छत्रीची मूठ, लाटणं, फणी, सगळ्यांत दोरी ओवलेली आणि सगळं खुंट्यांवर लटकलेलं. कोपरी गावात आमचं घर त्यांच्या घराला लागून. ते कचेरीतून पेन्शनीत निघाले आणि मी तिथेच उमेदवारीला लागलेलो. अण्णा आमच्या ओट्यावर दिसले की आई आत हाक द्यायची, "अगं, नवा पोळपाट उचल!"

एकदा माझ्या धाकट्या बहिणीची लाकडी ठकी त्यांच्या हाती लागली. भोक थेट नाकात. बहिणीनं गल्ली डोक्यावर घेतली.

"अगं, लग्नाची पोर आणि नाकात नथ नाही? बरं दिसतं का ते?" अण्णा म्हणाले. संध्याकाळी पितळी तारेत काचमणी ओवून इवलीशी नथ घेऊन आले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरी आपापल्या ठक्या घेऊन दारात. अण्णा गिरमीट फिरवायचे आणि प्रत्येक बाहुलीला गंभीरपणे विचारायचे, "दुखलं का गं?"

या गिरमिटातून एकच वस्तू सुटलेली. सावंतवाडीहून आणलेला लाखकामाचा बुद्धिबळाचा संच. अंबारीचे हत्ती, लगाम घातलेले घोडे. हात धुतल्याशिवाय कुणी मोहऱ्यांना शिवायचं नाही. समोर बसायला मिठागरवाले राघोबा. दोघं खेळायचे कमी, भांडायचे जास्त.

"जल्लं, तुजा घोरा दोन घरं जादा चालला!"

"तू आधी घरं मोजायला शीक!"

घोड्यावरून सुरू झालेलं भांडण कधी कधी आजे-पणज्यांपर्यंत जायचं. उद्या येणार नाही, असं सांगून राघोबा उठायचे आणि उद्या हमखास यायचे.

पुढे राघोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. चाचपडत हात फिरवायचे आणि मोहरी धडाधड पडायची. एक दिवस गुडघ्याचं निमित्त सांगून त्यांनी येणंच बंद केलं. अण्णा दोन्ही बाजूंनी एकटेच खेळू लागले. पण भांडायचं कुणाशी?

एका रविवारी बघतो तर अण्णांनी पटाच्या घराघरांत भोकं पाडलेली. प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला खुंटी बसवलेली, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर आणखी एक भोक. त्या देखण्या घोड्यांच्यासुद्धा!

"अण्णा, हे काय केलंत?"

"वाऱ्यानं पडतात रे," म्हणाले आणि पट माझ्या डोक्यावर दिला. "चल."

इतक्या वर्षांत अण्णा राघोबांच्या घरी कधी गेले नव्हते. राघोबा अंगणात बाजेवर बसलेले. पटाचं ऐकताच त्यांनी तोंड फिरवलं. "मना तुजी दया नको, अण्णा."

"दया? तुझी? गेल्या खेपेला शह देऊन उठलोय मी. पळपुट्या, आधी राजा सोडव!"

राघोबा ताडकन वळले. त्यांनी पटावर हात ठेवला. बोटं एकेका मोहऱ्याच्या डोक्यावरून सरकत गेली. एकही मोहरं पडलं नाही.

"भोकवाली माजी?"

"हो."

राघोबा बराच वेळ घोड्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी चाल केली. डाव रंगला. मध्येच अण्णांनी आपला हत्ती हळूच तिरपा सरकवला. मी बघत राहिलो. ही चूक अण्णांकडून होणं शक्य नव्हतं. राघोबांची बोटं पटावरून फिरली आणि थबकली.

"अण्णा, लबाडा! हत्ती तिरपा चालतंय काय? आंदला समजतंस मना?"

अण्णांनी हत्ती निमूट मागे घेतला. मिशीत हसत होते.

परतताना मिठागराच्या बांधावरून अण्णा सावकाश चालले होते. मी म्हटलं, "मुद्दाम केलंत ना?"

 अण्णा म्हणाले, "ही गेल्यापासून घरात सगळे मला होच म्हणतात रे. मुलं हो, सुना हो. चुकलास म्हणणारा हा एकच उरलाय."