लाल विजेचा दर्शनसोहळा

"वीज खाली पडते हे कुणीही सांगेल! ती ढगांच्या वर काय करते, ते अख्ख्या डहाणूत फक्त मला ठाऊक!"

मसोलीचा लग्नातला फोटोग्राफर सुनिल हे दिसेल त्याला ऐकवत सुटला होता. मोबाइलवर त्याने पाहिलं होतं, की लांबच्या ढगात मोठी वीज कडाडली, की त्या ढगांच्याही वर, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, क्षणभर लाल उजेड फुलतो. डोळ्याचं पातं लवलं की संपलं! त्याचा फोटो काढायचाच, असं त्याने ठरवलं. सासूबाई विठाबाई मासळीबाजारात सांगत फिरायच्या, "आमचे जावई? बटणं दाबतात!" त्यांचं तोंड एकदाचं बंद होणार होतं.

२०१७ चा ऑक्टोबर. एका संध्याकाळी सौराष्ट्राकडे ढग लखलखायला लागले आणि इथे आभाळ स्वच्छ! सुनिलने किनाऱ्यावर कॅमेरा लावला, शेजाऱ्यांना दिवे मालवायला सांगितलं. बातमी पुढारी काळूशेठच्या कानावर गेली आणि तासाभरात खुर्च्या, नारळ, माईक सगळं हजर. 'भव्य लाल वीज दर्शन सोहळा'!

"अहो, अंधार पाहिजे!" सुनिल हातापाया पडू लागला.

"अंधार घ्या की," काळूशेठचा कार्यकर्ता म्हणाला. "पण साहेब दिसायला नकोत?"

शेवटी तोड निघाली. दिवे बंद, साहेब समुद्राकडे पाठ करून बरोब्बर कॅमेऱ्यासमोर, आणि त्यांच्यापुरता फ्लॅश.

"बंधू-भगिनींनो, इतकी वर्षं वीज गरिबाच्या डोक्यावर पडत होती. आम्ही पाठपुरावा केला. आता ती वर जायला लागली!"

टाळ्या! लोक मोबाइलात डोकं घालून साहेबांना लाइव्ह दाखवत होते. विठाबाई तेवढ्या बाजूला, वाळत घातलेल्या बोंबलांपाशी आभाळावर नजर ठेवून बसल्या होत्या.

"काढ रे फोटो!" साहेब गरजले. सुनिलने त्यांच्या टोपीवर नजर ठेवून बटण दाबलं. भाषण संपेपर्यंत ढग पार विझले होते.

दुसऱ्या दिवशी काळूशेठ दुकानात आले. फोटो पाहून भडकले.

"माझ्या डोक्यामागून ह्या लाल झिंज्या कसल्या?"

"बोटीचा दिवा आला असेल साहेब, पुसतो!" घाबरलेल्या सुनिलने नीट न पाहताच सगळं लाल पुसलं आणि त्याच फोटोवर सेव्ह केलं. संध्याकाळी आशागडला हळद होती, म्हणून कॅमेऱ्याचं कार्डही रिकामं केलं.

नाक्यावर बॅनर लागला. डोक्यावरची मासळीची टोपली सावरत विठाबाई सुनिलपाशी थांबल्या.

"जावयबापू, फोटो झकास! पण साहेबांच्या मागं आभाळात ते तांबडं माकूळ उभं होतं, ह्या टोपलीतल्यासारखं खाली पाय सोडलेलं, ते कुठं गेलं?"

सुनिलने झटकन बॅनरकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलंत? मग ओरडला का नाहीत?"

"कशाला ओरडू? मला वाटलं, तुम्हीच बटण दाबून लावलं!"

हल्ली सुनिल फक्त हळदीचे फोटो काढतो. आभाळात वीज चमकली, की मान खाली घालतो.