उस्मानभाईंची हरकत

बहारीनमधल्या आमच्या झिंज भागातल्या फ्लॅटमध्ये जेवायला डाळ करायची की मासे, यावर हात वर करून मतदान होतं, आणि निकाल काहीही लागो, उस्मानभाई हरकत घेतात. मासे जिंकले तरी घेतात, आणि मासे त्यांनाच हवे असतात! "मतदान झालं, मान्य. पण मी आंघोळीत होतो. मला नोटीस कुणी दिली?" की पुन्हा हात वर. पोटात कावळे ओरडत असतात, पण सांगणार कोण?

उस्मानभाई रत्नागिरीकडचे. इथे एसी दुरुस्त करतात. मागे लांब रजेवर गावी गेले, तेव्हा पंचायत समितीची निवडणूक लागली होती. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी शाळेच्या पटांगणात हात वर करून यांनाच उमेदवार निवडलं. यांनी गावभर पेढे वाटले. पण एबी फॉर्म, म्हणजे 'हाच आमचा अधिकृत उमेदवार' असं सांगणारा पक्षाचा कागद, पुढाऱ्याने देऊन टाकला दुसऱ्याला. दुसरा म्हणजे सलीम, यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो निवडूनही आला. उस्मानभाईंनी कोर्टात केस टाकली आणि तडक बहारीनला परतले. भावाभावांचं बोलणं खलास.

तेव्हापासून कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर: "मॅटर कोर्टात आहे." सुपरवायझरने एसी का गळतोय विचारलं तरी तेच.

वकिलाला एकच ताकीद, तारीख शुक्रवारचीच घ्यायची, कारण इथे सुट्टी शुक्रवारी. मग सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मसाल्याच्या डब्याला मोबाईल टेकवायचा आणि ऑनलाइन हजर व्हायचं. आम्ही तेवढा वेळ चहासुद्धा आवाज न करता प्यायचा.

मी एकदा म्हटलं, "अहो भाई, सलीमची मुदतच संपली. आता जिंकून बसणार कुठल्या खुर्चीत? घ्या की केस मागे."

"मॅटर कोर्टात आहे. त्यावर बोलू नको."

डोकं फिरलंय माणसाचं, असंच मी धरून चाललो होतो.

मागच्या तारखेला त्यांचा मोबाईल बिघडला, म्हणून माझा लॅपटॉप लागला आणि मीही शेजारी बसलो. वकील काहीतरी बोलत होते. उस्मानभाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. कोर्टातल्या मागच्या बाकावर सलीम बसला होता, त्याच्याकडे हे नाक स्क्रीनला लावून बघत होते.

"सुकलाय रे. साखर वाढली असणार. कडू औषध लहानपणापासून घेत नाय तो."

तेवढ्यात जजसाहेबांनी विचारलं, मुदत संपली, आता ही केस चालवायची कशाला? उस्मानभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बंद करतील रे. मग हा मला दिसायचा कुठे? फोन तो करत नाय, मी करत नाय."

मोकळ्या हाताने मी लॅपटॉप त्यांच्याकडे आणखी सरकवला.

खरं तर सलीमच्या वकिलाने लगेच हो म्हणून मोकळं व्हायचं. पण सलीम उठला आणि वकिलाच्या कानाला लागला. वकिलाने आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, आमचं अजून म्हणणं मांडायचं आहे, पुढची तारीख मिळावी. शक्यतो शुक्रवारची.

मिळाली.

उस्मानभाईंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसत होते.

"शुक्रवार मागितलान रे. माझी सुट्टी त्याला ठाऊक आहे."

"मग करा की आता फोन!"

"छे, छे! मॅटर कोर्टात आहे."