खुनी पहिल्याच पानावर

(पेन्सिलीने : गुन्हेगार – आत्या.)

वरची ओळ मी लिहिलेली नाही. खोडून पाहिली, जात नाही. दुर्लक्ष करा. आमच्या वाचनालयातल्या रहस्यकथांच्या पहिल्या पानावर कोणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवत होतं, आणि त्याला मी चुटकीसरशी पकडणार होतो.

चिटणिसांनी दम भरला होता. "शनिवारपर्यंत गुन्हेगार सापडला नाही, तर रहस्यकथांचं कपाट रद्दीत. त्या जागी यशस्वी कसं व्हावं याची पुस्तकं."

ते कपाट म्हणजे माझं माहेर.

"तू पकडणार?" आत्या म्हणाली. "तुला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

"चष्मा पुरावे मागे ठेवत नाही, आत्या."

"डोक्यावर आहे तुझ्या."

मी सापळा लावला. नव्या पुस्तकात मुद्दाम चुकीचं लिहिलं : खुनी – माळी. गुन्हेगार तत्त्वाचा माणूस दिसत होता; चूक दुरुस्त करायला येणारच.

मधलं प्रकरण : यात काही घडत नाही. मी कपाटामागे बसून शिंकतो.

शनिवारी, रीतीप्रमाणे, सगळ्या सभासदांना एका खोलीत बसवलं आणि सुरुवात केली. "मंडळी, रहस्यकथा पोलिसांनी जन्माला घातली नाही. माणसाला शेजार मिळाला, त्याच दिवशी ती जन्मली. काल नसलेली कढई आज त्यांच्याकडे कशी, हा पहिला प्रश्न. आणि ती अजून टिकून आहे, कारण शेवटी कोणीतरी सापडतं आणि ते आपण नसतो."

टाळ्या पडल्या. चिटणिसांनी सापळ्याचं पुस्तक उघडलं आणि चष्मा पुसला.

"पंखा बंद असल्याचे अर्ज याच अक्षरात येतात. तुमचे."

"तो सापळा आहे."

"सगळे हेच म्हणतात," निवृत्त न्यायाधीश म्हणाले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या गालांवर लाली आली होती.

"शिवाय माळी खुनी नाहीच," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सावत्र भाऊ आहे."

"अहो, मी वाचतोय ते अजून!" मागून कोणीतरी कळवळलं.

मी मदतीसाठी आत्याकडे पाहिलं. तिच्या कानामागे पेन्सिल होती. टोक झिजलेलं.

"याला लहानपणापासून सवय," आत्या सभेला म्हणाली. "घराच्या भिंतीसुद्धा सोडल्या नाहीत."

"म्हणजे गुन्हेगार सापडला," चिटणीस म्हणाले. "कपाट राहील."

मी तोंड उघडलं. कपाटाकडे पाहिलं. तोंड मिटलं. मंडळी तृप्त होऊन घरी गेली. जेवणावळीनंतरही माणसं इतकी तृप्त दिसत नाहीत.

वाटेत मी विचारलं, "का गं, आत्या?"

"शेवट आधी कळला की घाई राहत नाही. मग कोण कसं खोटं बोलतं ते निवांत बघता येतं. आज नाही का मजा आली?"

तिने पेन्सिल पुढे केली. "एवढं टोक करून दे."

"आता कशाला?"

"तू हे सगळं लिहून काढणारच आहेस ना?"