काळा बो आणि लाल तर्री

मंडळी, गळ्याला बो कसा लावावा हे कोरीट गावात कोणाला विचारायचं असेल तर मला विचारा! आमच्या शिवारात बो लावलेला पहिला शेतकरी मीच, भिला आप्पा.

त्याचं असं झालं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. शिकवलं माझ्या नातीने, यामिनीने. ओट्यावर बसवून तिने माझा हात धरून 'भ' गिरवून घेतला. नांगर धरलेला हात तो, पेन्सिली काडीसारख्या मोडायच्या. दोन वर्षांनी मी पाटीवरून वहीवर आलो आणि वहीवरून थेट नंदुरबारच्या वाचनालयात. तिथे भिंतीवर एका जुन्या वकीलसाहेबांचा फोटो आहे. गळ्यावर काळं फुलपाखरू बसावं तसा बो! मी कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. टोपी कोणीही घालतं, फेटा कोणीही बांधतं. पण ज्याने असं कपाटच्या कपाट वाचून काढलं, त्याच्याच गळ्यावर हे फुलपाखरू बसत असणार.

यंदा यामिनीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "आप्पा, मन्हा लग्नमा तुम्ही लिखेल कागद माईकवर वाचशात ना?"

मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. चारशे माणसांपुढे अडखळलो तर माझं काय जाणार होतं? बट्टा लागणार होता पोरीच्या शिकवण्याला.

चार ओळी लिहायला आठ दिवस लागले. मग नातू अजितकडून बो मागवला, रबरवाला. तो म्हणाला, बोबरोबर टोपी-धोतर चालत नाही. म्हणून पांढरा शर्ट घातला आणि मुलाची, उमाकांतची, काळी पँट चढवली. आरशात बघतो तर वकीलसाहेब! बायको कमलबाई म्हणाली, "हाई काय गयामा वटवाघूळ लटकाडेल शे?"

मी लक्ष दिलं नाही. तिला वाचता येत नाही.

लग्न नंदुरबारच्या एका लॉनवर होतं. आता आमच्या गावात पंगतीला वाढतात ते भाऊबंद. मुलीचा काकासुद्धा बादली घेऊन फिरतो. पगारी माणूस वाढताना मी जन्मात पाहिला नव्हता. उमाकांतने या वेळी सगळं ठेक्याने दिलंय, हे मला कोणी सांगितलं नाही. मी आत शिरलो आणि जागीच थबकलो. वीस-बावीस जण काळा बो लावून! नवरदेव सुरतेकडचा. म्हटलं, काय हे शिकलेलं घराणं! आणि इतकी वाचलेली माणसं, पण हातात ताटं घेऊन फिरतायत. मी एकेकाला वाकून रामराम करत सुटलो. तेही बिचारे गोंधळून वाकत होते.

आणि बोचा प्रताप बघा. पाहुणे सरळ माझ्याकडेच यायला लागले. कोणी पाणी मागितलं. एका बाईने खरकटी प्लेट माझ्या हातात ठेवली. एकाने मुतारी कुठे आहे ते विचारलं. चारशे माणसांत भरवसा फक्त माझ्यावर! शिवाय मुलीकडच्याने वरपक्षाला नाही म्हणायचं नसतं. सगळ्यांचं सगळं केलं.

नवरदेवाचे मोठे काका हेमकांतभाऊ सुरतेहून पहिल्यांदाच आले होते. मी त्यांना मानाच्या फेट्यावरून ओळखलं. त्यांनी वाटी पुढे केली आणि शेवभाजी मागितली, तर्री जास्त. मी आणली, वर नको-नको म्हणताना तीन पुऱ्या टाकल्या. ते खूश झाले. कुठला म्हणून विचारलं, मी कोरीटचा म्हणालो.

"कोरीटवाला आग्रह भारी करतस," ते म्हणाले.

मी आनंदाने इतका वाकलो की हातातली तर्री माझ्याच खिशावर सांडली. आणि खिशात कागद!

तेवढ्यात रामसिंग नावाचा एक गृहस्थ आला. त्याचा बो लाल. सगळ्यांचे काळे आणि याचा लाल, म्हणजे याने इंग्रजीसुद्धा वाचलेलं असणार! तो म्हणाला, रिकामा उभा राहू नकोस, पाण्याच्या टेबलावर थांब. एवढा मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर थांबलो.

आणि माईकवर पुकारा झाला, यामिनीच्या आजोबांनी स्टेजवर यावं. मी निघालो तर रामसिंग आडवा.

"कोठे चालना?"

"वाचाले."

"वाचाले काय शे? मेनू फळ्यावर लिखेल शे. जासच तर स्टेजवर पानी लई जा."

मी बारा ग्लासांचा ट्रे घेऊन स्टेजवर चढलो. फोटोवाल्याने मला फोटोतून बाजूला सारलं. यामिनीने पाहिलं. आधी तोंडाला पदर लावून हसली, मग डोळे पुसले, मग शालू सावरत पुढे आली आणि ट्रे माझ्या हातातून घेतला.

"वाचा आप्पा. मी धरस."

नवरी ट्रे धरून उभी आणि मी कागद उघडला. पहिली ओळ तर्रीत बुडाली होती. तिच्यातच माझं नाव, गाव आणि यामिनीचा आजोबा असल्याचं लिहिलेलं. तोंडाने सांगता आलं असतं, पण कागदावर दिसत नाही ते वाचायचं कसं? मी दुसऱ्या ओळीपासून बोट ठेवून वाचलं. आलेल्या सर्वांना रामराम. आमची पोर हाताला धरून शिकवते. तुमच्या घरी कोणी शिकायचं राहिलं असेल तर तिच्यापुढे बसवा.

एकही अक्षर अडलं नाही. सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या! माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

खाली उतरलो तर हेमकांतभाऊ उमाकांतचा हात धरून सांगत होते, "तुमना आप्पा कोठे दिसनात नही. पन त्यासनी जागावर तो म्हातारा वाढपी काय वाचस!"

बो म्हणजे काय, ते कमलबाईने मला घरी येताना समजावलं. तिला वाचता येत नाही, पण बो वाचता आला.

मी उमाकांतला बजावलं, हेमकांतभाऊंना काही सांगू नकोस. घरच्यांनी केलेलं कौतुक आजोबाचं असतं. वाढप्याला खोटं कोण वाखाणतो? ते माझ्या वाचण्याचंच.

आता पंचाईत एवढीच. वैशाखात हेमकांतभाऊंच्या मुलीचं लग्न आहे. आम्हाला सहकुटुंब पत्रिका आली, ती मी स्वतः वाचली. त्याच दिवशी उमाकांतला त्यांचा फोन आला, तो कोरीटचा म्हातारा शेवभाजीवर मिळेल का?

टोपी घालून जावं की बो लावून, ते अजून ठरलेलं नाही.