उपासाची उकडलेली अंडी

"चौदा दिवस! चौदा वर्षांचा वनवास थोडाच आहे!" तळेगावच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सुहास बायकोला म्हणाला. त्या वेळी त्याचं पोट भरलेलं होतं. भरल्या पोटी माणसानं कसलीही प्रतिज्ञा करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुहासला साखर निघाली होती. जेवणानंतरची दोनशे दहा. डॉक्टर अनघाताईंनी कागदावर यादी करून दिली. पहिला टप्पा चौदा दिवसांचा. भात बंद, भाकरी बंद, चपाती, बटाटा, साखर, गूळ, फळं, सगळं बंद. अंडी, मटण, पालेभाजी, काकडी, ताक चालेल. "आणि एक घास जरी चुकला," त्या गोड हसून म्हणाल्या, "तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात!"

आता हे सगळं ज्या माणसाला सांगितलं, तो राहायला इंदुरीत! कामाला आंबीच्या कारखान्यात, स्टोअरमध्ये. घरचं एक एकर इंद्रायणी तांदळाचं खाचर. आणि महिना कार्तिकाचा. म्हणजे शेतात भात पिवळा होऊन उभा, आळीतल्या चुलींवर भात रटरटतोय, वाऱ्यावर भाताचाच वास. अशा दिवसांत मावळातल्या माणसाला भात सोडायला सांगायचं म्हणजे माशाला सांगायचं, की बाबा रे, चौदा दिवस जरा कोरडा राहा!

"अहो, पण आईंना काय सांगणार?" रेणुकानं विचारलं.

खरी अडचण तिथंच होती. सुहासची आई येसूबाई. तिच्या भावाला साखर झाली आणि पायाचं बोट काढावं लागलं. तेव्हापासून तो शब्द जरी कानावर पडला तरी तिच्या डोळ्याला पदर लागायचा. पोराला साखर आहे हे कळलं असतं, तर तिनं अन्न सोडलं असतं.

"कळतंय कशाला तिला!" सुहास म्हणाला. "मी सगळं बरोबर निभावतो. तू बघच."

सोमवारी सकाळी येसूबाईनं गरम भाकरी ताटात टाकली. सुहास म्हणाला, "आई, मला नको. उपास आहे."

"आज? कशाचा रं?"

"धरलाय असाच. चौदा दिवसांचा."

येसूबाईचा चेहरा असा उजळला, की सुहासला क्षणभर आपण खरंच पुण्यवान आहोत असं वाटलं! ज्या पोरानं कधी एकादशी धड धरली नाही, त्यानं चौदा दिवसांचा उपास धरला! तिनं देवाला हात जोडले, भाकरी उचलली, आणि अर्ध्या तासात त्याच्यासमोर आणून ठेवली साबुदाण्याची खिचडी! बाजूला उकडलेलं रताळं. वर राजगिऱ्याचे दोन लाडू.

सुहासनं यादी आठवली. मग खिचडीकडं बघितलं. मग रेणुकाकडं. रेणुका पदराआड हसत होती की रडत होती, ते आजतागायत कळलेलं नाही.

मंडळी, आपल्याकडं उपास म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एकादशी आणि दुप्पट खाशी! त्यात जे जे चालतं, ते ते सगळं अनघाताईंच्या यादीत बंद. आणि अनघाताईंच्या यादीत जे चालतं, ते अंडं न् मटण उपासाला बंद! दोन्ही याद्यांत मिळून बसणारी वस्तू शोधता शोधता सुहासला फक्त काकडी आणि ताक सापडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

पहिले सहा दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. खिचडी डब्यात घालून कारखान्यात न्यायची, तिथं दोस्तांना वाटायची, आणि स्टोअरमधल्या चहाच्या किटलीत अंडी उकडून गपचूप खायची. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. चौथ्या दिवशी तो साहेबांवर ओरडला. पाचव्या दिवशी रात्रपाळीच्या ट्रकवाल्यानं डबा उघडला, आत भात होता, आणि सुहासचे डोळे भरून आले. इतकं वाईट त्याला सासरे गेले तेव्हाही वाटलं नव्हतं!

सातवा दिवस रविवारचा. धोंडिबाआबांची सावड.

सावड म्हणजे काय, तर आज तुमच्या शेतात आमी, उद्या आमच्या शेतात तुमी. मजुरी नाही, हिशेब नाही. ज्याचं शेत त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, एवढाच कायदा. या रविवारी आबांचा भात, पुढच्या रविवारी सुहासचा. सुहासचं खाचर ओढ्याकाठी, तिथं मशीन उतरत नाही, आणि कापणीला मजूर म्हणाल तर दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही. त्यात फोनवर रोज दाखवत होतं, पुढच्या आठवड्यात अवकाळी पाऊस. सावड आली तरच भात घरात, नाहीतर चिखलात. एवढं सरळ होतं.

आबा म्हणजे आळीतलं मोठं माणूस. त्यांनी "चला" म्हटलं की पंधरा विळे निघायचे. सुहासच्या वडिलांचं आणि त्यांचं एकदा बांधावरून वाजलं होतं. तीन वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नाही. शेवटी एका सावडीत एका पंगतीला जेवले आणि भांडण मिटलं. इथं भांडण तोंडावरून कळत नाही. ताटावरून कळतं.

दुपारी पंगत बसली. भात, मटकीची आमटी, वर तूप. आबा स्वतः वाढत होते. सुहास उठून बाजूला झाला.

"आबा, मला नको. उपास आहे."

"ठावं हाय की! येसूबाईनं सांगितलंय," आबा म्हणाले. "सरू, आन ते!"

आबांच्या बायकोनं, सरूबाईनं, झाकलेलं ताट पुढं केलं. खास त्याच्यासाठी केलेली खिचडी! वर ओलं खोबरं! पंधरा माणसं कौतुकानं बघत होती.

"नको मावशी... पोट बरं नाही," सुहास पुटपुटला. आणि कुणी काही म्हणायच्या आत पेंढ्याच्या गंजीमागं गेला. भूक तर अशी लागली होती, की हातातला विळाही खाल्ला असता. त्यानं पिशवीतून फडकं काढलं. फडक्यात चार अंडी होती. तीन पोटात गेली. चौथं तोंडात होतं, तेवढ्यात समोर दोन पाय दिसले.

वर आबा. हातात खिचडीचं ताट. "पोट बरं न्हाई म्हनतोय, दोन घास तरी खाईल," म्हणून बिचारे मागून घेऊन आले होते.

आबांनी खिचडीकडं बघितलं. टरफलांकडं बघितलं. सुहासच्या फुगलेल्या गालाकडं बघितलं. सुहासला काहीतरी बोलायचं होतं, पण अख्खं अंडं तोंडात असताना माणूस काय बोलणार! आबांनी ताट गवतावर ठेवलं आणि निघून गेले.

बुधवारी निरोप आला. आबांची कंबर धरली, रविवारी येणं जमणार नाही. सुहास शेजारी गेला, त्यांचीही कंबर धरलेली! पलीकडं गेला, तिथंही तेच! एका आठवड्यात अख्ख्या आळीची कंबर धरली. आबांनी कुणाला कारण सांगितलं नव्हतं. आबा येत नाहीत एवढं पुरेसं होतं.

"आसं कसं रं झालं?" येसूबाई म्हणाली. "तुज्या एवढ्या उपासाला बी देव पावंना?"

सुहासनं काकडी चावली. सांगताही येईना आणि सोसताही येईना! तीन दिवस तो कारखान्यातून आला की ओढ्याकाठी जाऊन उभा राहायचा. भात ओणवा झालेला, लोंबी जड. बापानं राखलेलं बियाणं. आणि ते आपण चार अंड्यांपायी घालवणार! त्याला स्वतःची लाज वाटली. शनिवारी, तेराव्या दिवशी, त्यानं संध्याकाळी दवाखान्याचा कागद खिशात घातला आणि आबांच्या घरी गेला.

आबा विळ्याला धार लावत होते. कंबर धरलेला माणूस उकिडवा बसून!

"आबा, खरं सांगायला आलोय. माझा उपास नाहीच. मला साखर निघालीय."

"आस्सं!" आबा वर न बघता म्हणाले. "मागल्या आयतवारी उपास व्हता, आज साखर हाय. पुढल्या आयतवारी काय, बाळंतपन?"

सुहासनं कागद पुढं केला. आबांनी चष्मा लावला. कागद लांब धरला, जवळ धरला. मग उठले, बाहेरचं दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "किती हाय?"

"जेवणानंतर दोनशे दहा."

"हात्तिच्या! एवढीच? माजी दोनशे साठ व्हती!" शर्यतीत बैल पहिला आल्यासारखे आबा बोलले.

"दोनशे ऐंशी!" आतून सरूबाईचा आवाज आला. "खोटं कशाला सांगताय त्या पोराला!"

सुहास बघतच राहिला. "आबा, तुम्हाला? कधीपासून?"

"चार वर्सं झाली. गोळी चालू हाय. भात बंद."

"पण मग सावडीत? एवढ्या पंगती?"

"ह्या चार वर्सांत तू मला कदी पंगतीला बसल्याला बघितलास?"

सुहासनं आठवून बघितलं. खरंच की! आबा कायम वाढायला!

"वाढप्याला कोन जेव म्हनत न्हाई," आबा म्हणाले. "भाताचं पातेलं हातात घ्यायचं आन पंगत उठूस्तवर फिरायचं. मागनं म्हनायचं, वाढता वाढताच पोट भरलं. लोक वर कवतिक करत्यात! आरं, तू मला इचारलं आसतंस तर?" मग त्यांनी चष्मा उतरवला. "अंड्याचा राग न्हाई आला मला. चारचौघांत माजं ताट नको म्हनलास आन मागं जाऊन आपलं खाल्लंस. तुज्या बापाची ती तीन वर्सं आठवली बग. लय वाईट गेलती ती."

सुहास पुढं झाला. त्यानं वाकून पाय धरले.

"ऊठ. उद्या येतो सगळ्यांस्नी घेऊन. भाताचं पातेलं तुज्या हातात, आमटी माज्या हातात. दोगं बी वाचतो!"

काय सांगू, त्या रात्री सुहास तेरा दिवसांत पहिल्यांदा शांत झोपला.

रविवारी आळीतल्या सगळ्या कंबरा बऱ्या झाल्या! पंधरा विळे खाचरात उतरले आणि दुपारपर्यंत कापणी उरकली. पेंढ्या आपटून दाणे काढायची, म्हणजे झोडणी, तेवढी बाकी होती, आणि लोणावळ्याच्या बाजूनं आभाळ काळं व्हायला लागलं होतं. "चला, चार घास खाऊन लगेच झोडणीला लागू," आबा म्हणाले. पंगत बसली. सुहासनं झडप घालून भाताचं पातेलं उचललं. चौदावा दिवस! आता फक्त एक दुपार न् एक संध्याकाळ!

"थांबा!"

बांधावरून येसूबाई येत होती. नवं लुगडं, डोक्यावर पातेलं, मागं हार घेतलेली, सुहासची नजर चुकवणारी सरूबाई.

"आज माज्या पोराच्या उपासाचं पारनं हाय! आबांच्या नव्या तांदळाचा भात तर हायच, वर खीर केलीया, गूळ घालून!"

"आई, मी वाढतोय..."

"पारनं करनाऱ्यानं वाढायचं नसतंय! पाटावर बस!"

कुणीतरी त्याच्या हातातलं पातेलं काढून आबांच्या हातात दिलं. कुणीतरी त्याला पाटावर बसवलं. गळ्यात हार पडला. समोर भाताचा डोंगर, शेजारी खीर. पंधरा माणसं हात आवरून बसली. "आधी तुजा घास. उपाशी मानसाच्या आदी आमी कसं खावं?"

सुहासनं रेणुकाकडं बघितलं. रेणुकानं आभाळाकडं बघितलं. आभाळ गुरगुरलं. हा खात नाही तोवर पंगत खाणार नाही, पंगत खात नाही तोवर झोडणी होणार नाही. आणि आईचा चेहरा तर असा, की त्याच्यासमोर साखरेचं नाव काढायला दगडाचं काळीज हवं.

तुमचा जीव उगाच टांगणीला नको, म्हणून भाताचं आधीच सांगून टाकतो. झोडणी झाली. शेवटचं पोतं दारात गेलं आणि मगच पहिला थेंब पडला. भात वाचला. सुहासचं मात्र तसं नव्हतं.

त्यानं घास घेतला. तेरा दिवसांनी. म्हणजे उद्यापासून पुन्हा पहिला दिवस! डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पंगतीला वाटलं, भक्ती!

आबा पातेलं घेऊन वाकले. त्याच्या कानाशी म्हणाले, "चार वर्सं नवा भात नुसता वाढतोय मी. कसा झालाय रं यंदाचा?"

सुहासनं त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा मनापासून विचारत होता.

"वाईट झालाय आबा," तो म्हणाला. "अगदीच बेचव!"

"खोटं बोलतोस."

"हो."

आबांनी पातेल्यात डाव बुडवला. मग म्हणाले, "आजून वाढू?"

"वाढा," सुहास म्हणाला आणि त्यानं ताट पुढं केलं.